वैनगंगेकाठचे बाहेरचे

31 मार्च 1951 रोजी जुन्या मध्य प्रदेशातली मालगुजारी, म्हणजे महसूल वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. बालाघाटच्या धानपट्ट्यात गावचा मालगुजार आणि त्याच्या बांधीत रोवणी करणारी बाई, दोघांच्या मताची किंमत एक झाली. लोकसभेवर निवडून आले काँग्रेसचे चिंतामणराव गौतम. 1962 मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे भोलाराम पारधी. पुढे बिसेन आले, भगत आले आणि 2024 मध्ये भारती पारधी. गौतम, पारधी, बिसेन, भगत ही पवार समाजात आढळणारी आडनावं. आणि हा समाज इथला मूळचा नव्हे.

माळव्यातून निघून देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात आपण नगरधनच्या बाजूला आलो, असं पवारांची परंपरा सांगते. नागपूरकर भोसल्यांच्या कटक मोहिमेत साथ दिली म्हणून वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या. बोडी बांधायची, पाणी अडवायचं, धान पिकवायचं, यात त्यांचा हात धरणारे थोडे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मण नाईक यांनी परसवाड्याच्या पठारावर गावं वसवली. 1867 मध्ये बालाघाट जिल्हा झाल्यावर ब्लूमफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्यानं बैहरकडे पवारांची वस्ती वाढवली. गाव वसवणारा तोच पटेल, तोच मालगुजार, आणि मताचा अधिकार जमीन-महसुलावर ठरत होता तोवर तोच मतदारही. सरकारदरबारी ही जमीन पडीक होती. गोंड आणि बैगा तिथं राहत होते, ही गोष्ट मात्र वस्तीच्या कौतुकात मागे पडते. बैहरची विधानसभेची जागा आज अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, पण हक्काची जागा मिळाली म्हणून मोकळेपणानं मत देता आलं असं नाही. नक्षल्यांच्या भीतीमुळे बैहर, लांजी, परसवाड्यात 2023 च्या विधानसभेलाही मतदान दुपारी 3 वाजता आटोपावं लागलं. याच जिल्ह्यात, 15 डिसेंबर 1999 च्या रात्री, राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्या गावच्या घरी हत्या झाली होती.

बाहेरून येणाऱ्यांची दुसरी मोठी रांग कुणाच्या नजरेतच येत नाही. ती सुनांची. देशातल्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे, हे जनगणना दर वेळी सांगते. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. पण सोयरीक काही राज्य पुनर्रचना आयोगाला विचारून होत नाही. बाघ नदीच्या अलीकडे गोंदिया, पलीकडे बालाघाटचं रजेगाव. लेकी इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. त्यांतल्या बऱ्याच जणी मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या, म्हणजे पुढे मध्य प्रदेशातच आलेल्या भागांतल्या. तिथपासून 1994 पर्यंत केवढा पल्ला! 73 व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायत निवडणुका घेणारं मध्य प्रदेश पहिलं राज्य. पुढे बायकांचा वाटा निम्म्यावर गेला. परगावची सून सरपंच होते आणि सासरच्या गावचा रस्ता, नळ, रेशन ठरवते.

यात एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. सासरी आल्यावर मतदार यादीत नाव घालणं सोपं. जातीचा दाखला मात्र माहेरच्या राज्याचा. राज्य बदललं की अनुसूचित जाती-जमातीच्या सवलती सोबत येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्येच मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलं. म्हणजे नदी ओलांडून आलेली ही बाई मत देऊ शकते, पण पंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहायचं तर तिचा दाखला अडतो. निकालामागचा तर्क मला समजतो. लग्न करून आलेल्या बाईला तो लावणं मला पटत नाही.

आता वारा उलटा वाहतो आहे. धान कापणी झाली की जिल्ह्यातले मजूर नागपूर, हैदराबादच्या वाटेला लागतात. मे 2020 च्या टाळेबंदीत एक मजूर गरोदर बायको आणि लहान मुलीला फळ्या ठोकून केलेल्या गाड्यावर बसवून ओढत रजेगावच्या सीमेवर पोचला, ते चित्र देशानं पाहिलं. राबायचं तिकडं, मत इकडं. निवडणूक आयोगानं डिसेंबर 2022 मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली. एका यंत्रावर 72 मतदारसंघ. जानेवारी 2023 मध्ये पक्षांना ते दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, आणि 2024 ची लोकसभा त्या यंत्राविना पार पडली.

1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 मात्र कामाचं आहे. नुसतं घर असलं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेर गेला म्हणून रहिवास सुटतही नाही. चार महिन्यांसाठी जाणाऱ्यानं गावातलं नाव जपावं, मतदानाला यावं, सरपंचाला जाब विचारावा. पण नागपूरच्या वस्तीत दहा-दहा वर्षं काढलेल्या, मुलं तिथल्या शाळेत घातलेल्या बालाघाटकरांनी गावच्या यादीला चिकटून राहू नये. ज्या नाल्याकाठी आपण राहतो, त्या नाल्याचा नगरसेवक आपल्या मताशिवाय निवडला जातो, हे परवडणारं नाही. फॉर्म 8 भरा आणि नाव तिकडे हलवा.