हौद्याच्या तळाची बावीस छिद्रं

गेल्या आठवड्यात कोल्हापूरजवळच्या कळंब्यात दारातच पाण्याची पाइप लावून पिकअपचा हौदा धुतला. चिखल वाहून गेल्यावर तळाचा पत्रा उघडा पडला आणि त्यावरची छिद्रं दिसली. मोजली तर बावीस भरली. पुढच्या बाजूची चार आबांच्या सांगण्यावरून पाडलेली, मधली बारा माझ्या हट्टाची आणि कडेची सहा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेली. 2008 ते 2024 या सोळा वर्षांत या गाडीचं आम्ही काय काय केलं, त्याची नोंद कुठल्याही वहीत नसेल इतकी स्पष्ट त्या पत्र्यावर आहे.

गाडी घेतली ती गुऱ्हाळावरून मार्केट यार्डात गूळ पोचवायला. तीस किलोचा एक रवा, सव्वा टनाची क्षमता. त्याआधी आमच्या भागात मॅटॅडोर होती, मग 1986 पासून चारशेसात आली. 2005 साली छोटा हत्ती आला आणि गल्लीबोळातली मालवाहतूक पार बदलून गेली. पण घाटाच्या रस्त्याला, शेताच्या बांधाला पिकअपच बरी, असं आबांचं मत होतं. हौदा सव्वाआठ फूट लांब, साडेपाच फुटांहून थोडा जास्त रुंद. पहिला बदल अगदी साधा होता. शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडून पाइपच्या चार कमानी वाकवून घेतल्या आणि त्यावर ताडपत्री टाकली. गूळ भिजू नये एवढाच हेतू.

त्या ताडपत्रीखाली माणसं झोपू शकतात हे आमच्या लक्षात आलं ते सौंदत्तीच्या यात्रेत. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून रेणुकेच्या दर्शनाला जाण्याची रीत जुनी आहे. एसटीच्या गाड्या भरभरून जातात, डोंगरावर तळ पडतात, तिथेच चुली पेटतात, आणि परत आल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील, भाकरी, वरण्या-वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन आंबील यात्रा भरते. रस्त्यावर चार दिवस संसार मांडणं आमच्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या घरात ती सवय आजीपासूनची.

2009 च्या यात्रेला आम्ही हौद्यात गवताच्या पेंढ्या अंथरल्या, वर गाद्या टाकल्या आणि अकरा माणसं मागे बसवली. सामान बांधायला तळाला चार कड्या बसवल्या होत्या, तीच ती पहिली चार छिद्रं. जाताना गाणी, हसणं, सगळं झालं. येताना निपाणीच्या अलीकडे पुढचा ट्रक अचानक थांबला, दादानं ब्रेक दाबला आणि हौद्यातली माणसं, पातेली, स्टोव्ह सगळं एकाच वेळी पुढे आलं. आत्याचं मनगट मोडलं. तिच्या मांडीवर माझा दोन वर्षांचा पुतण्या होता. त्याला काहीच झालं नाही, याला मी आजही देवीची कृपाच म्हणतो. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नसतात हा कायदा आम्हाला तेव्हाही ठाऊक होता. चूक आमची होती, पूर्ण आमची. त्या दिवसापासून गाडी चालू असताना हौद्यात कुणीही बसायचं नाही असं घरात ठरलं, आणि तो शब्द एकदाही मोडलेला नाही. केबिनमध्ये तिघं, बाकीचे एसटीनं किंवा मोटारसायकलनं. मुक्कामाच्या ठिकाणी सगळे एकत्र.

मधल्या बारा छिद्रांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आज हौदा बदलायला निघालेली तरुण पोरं नेमकी तिथेच चुकताना मी बघतो.

2013 साली माझ्या डोक्यात फिरतं घर शिरलं. हौद्यावर कायमची खोली करायची. अँगलचा सांगाडा, दोन्ही बाजूंना जाड प्लाय, वर पत्रा, छतावर शंभर लिटरची पाण्याची टाकी, आत एका बाजूला पलंग आणि अगदी मागे, फाळक्याला लागून स्वयंपाकाचा कट्टा. मिस्त्रींनी सांगाडा हौद्याच्या तळाला बोल्टनं आवळला. एकच गोष्ट त्यांनी ऐकली नाही. "चासीला भोक पाडणार न्हाई अण्णा, तिथनं चीर गेली की गाडी संपली," असं म्हणून त्यांनी ड्रिल बाजूला ठेवलं. त्यांचे उपकार आहेत. आज गाडी सरळ उभी आहे ती त्यामुळे.

खोली झाल्यावर गाडी वजनकाट्यावर नेली. आधीच्या रिकाम्या गाडीपेक्षा 410 किलो जास्त. सव्वा टन पेलणाऱ्या गाडीला हे काहीच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. फोंडा घाटात पहिल्याच वळणाला कळलं की वजन किती यापेक्षा ते कुठं आहे हे महत्त्वाचं. गुळाचे रवे तळाशी बसतात, त्यामुळे भरलेली गाडीही जमिनीला धरून चालते. आमची टाकी रस्त्यापासून आठ फुटांवर, तीही अर्धी भरलेली. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला धावे आणि गाडी त्याच्यामागे झुके. कट्टा, सिलिंडर, भांडी हे सगळं मागच्या चाकांच्याही मागे. मागे असा भार लोंबकळला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. दादानं पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला, खाली आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

उपाय म्हणून मागच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. मागची बाजू उचलली खरी, पण झोल काही गेला नाही. उलट रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीत बसू लागला. उन्हाळ्यात पत्रा संध्याकाळपर्यंत तापलेला असे. हिवाळ्यात राधानगरीकडे मुक्काम केला तर पहाटे पांघरुणं ओली. आबा म्हणाले छत गळतंय. पावसाचा मात्र थेंबही नव्हता. बंद खोलीत चौघांचा श्वास थंड पत्र्याला लागून त्याचं पाणी होऊन आमच्याच अंगावर पडत होतं. दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या पाडल्या तेव्हा ते थांबलं.

हे सगळं सोसता आलं असतं. जे सोसता येईना ते असं, की गाडी आता मालाची राहिली नव्हती. खोलीत रवे रचता येत नाहीत. दोन हंगाम आम्ही दुसऱ्याची गाडी भाड्यानं घेऊन गूळ पोचवला. त्यात कागदावर ही गाडी उघड्या हौद्याची मालवाहू, आणि रस्त्यावर वेगळीच. पासिंगला ती तशी नेणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. 2016 च्या उन्हाळ्यात गॅस कटरनं खोली कापून काढली. पत्रा गोठ्यावर गेला, प्लाय माळ्यावर. पुढे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याआधीपासून होतंच. आपण वेळेत सुटलो, असं ते वाचून वाटलं.

तीन वर्षं हौदा मोकळाच राहिला. आणि मग ऑगस्ट 2019 आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आमचं कळंबा उंचावर, तळ्याचा सांडवा वाहायला लागला तरी गावाला धोका नाही. पण आत्याचं घर आंबेवाडीत. रस्त्यावर पाणी यायच्या आत दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत दोन म्हशी आणि एक रेडकू, दुसऱ्यात धान्याची पोती, शिलाई मशीन आणि लाकडी देवघर. पाणी ओसरायला लागल्यावर कडबा आणि पिण्याच्या पाण्याचे जार. म्हशी उतरवून झाल्यावर आबा फाळक्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी ती खोली आज असती तर ही जनावरं कुठं चढवली असतीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा हौद्याला हात लावताना मात्र तो प्रश्न समोर ठेवूनच लावला.

दुसरी शिकवण मिळाली ती गारगोटी रस्त्यावर. हा रस्ता पुढे मुदाळ तिट्ट्याकडे जातो, जवळच बाळूमामांचं आदमापूर. मामा 1966 साली गेले, त्याला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या बकऱ्यांचे बग्गे, म्हणजे कळप, अजून मुलखात फिरतात. दिवाळीनंतर आमच्या शेतातही एक धनगर कुटुंब बकरी बसवायला येतं. पूर्वी त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर असे, आता छोट्या पिकअपमध्ये असतं. एका सकाळी त्या घरच्या मावशी बिऱ्हाड भरत होत्या, मी बघत उभा राहिलो. आधी पोती आणि जास्तीची घोंगडी अगदी आत, केबिनला लागून. मग भांड्यांचं गाठोडं. मग वाघर, म्हणजे बकऱ्यांभोवती लावायची जाळी. सगळ्यात शेवटी फाळक्याजवळ पाण्याचा हंडा, तवा, पिठाचा डबा आणि नुकती जन्मलेली कोकरं. मुक्कामाला पोचल्यावर जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं. जड ते आत आणि खाली. माझ्या 2013 च्या खोलीत याच्या नेमकं उलट होतं. त्या मावशींना ड्रिल, अँगल, वेल्डिंग यातलं काहीच लागलं नव्हतं.

2020 च्या टाळेबंदीत माळ्यावरचा जुना प्लाय काढला आणि मी, दादा आणि वहिनीनं मिळून पाच पेट्या केल्या. उंची सगळ्यांची सारखी, पंधरा इंच. दोन माणसांना उचलता येईल एवढंच वजन, दोन्ही टोकांना दोरीचे कान. तीन पेट्या एकमेकींना लावल्या की सहा फूट दोन इंचांचा पलंग होतो. चौथीत भांडी आणि शिधा. पाचवीत पाच किलोचा सिलिंडर, आणि त्या पेटीच्या तळाला मुद्दाम ठेवलेलं छिद्र, थेट हौद्याबाहेर उघडणारं, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साठतो. पेट्या सरकू नयेत म्हणून कडेला सहा बोल्ट, पंखाचे नट लावलेले, हातानं फिरवता येतील असे. पाण्याचे वीस लिटरचे दोन जार, तेही केबिनच्या भिंतीला टेकून, खाली. छतावर काहीही नाही.

स्वयंपाक फाळक्यावर. दोन साखळ्यांवर फाळका आडवा राहतो, उभ्यानं भाकरी थापायला तो ओटा अगदी बरोबर उंचीचा पडतो, हा वहिनीचा शोध. ताडपत्रीच्या आत शेगडी पेटवायची नाही, कोळशाची तर मुळीच नाही. विजेसाठी बारा व्होल्टची बॅटरी आणि शंभर वॅटचा सुटा सौर पॅनेल, जो मुक्कामाला उन्हात टेकवून ठेवायचा. दोन दिवे, एक छोटा पंखा आणि मोबाइल एवढ्याला ते पुरून उरतं. बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज हवा. हे सांगायला कमी लोक भेटतात, म्हणून इथे लिहितो. पाट्यातला वाढवलेला पाटाही काढून टाकला.

पाश्चात्त्य देशांत पिकअपच्या हौद्यात बसवायची आख्खी खोली मिळते. तिला चार पाय असतात, त्यावर ती उभी करायची आणि खालून गाडी काढून घ्यायची. तिकडच्या लोकांनाही हौदा मोकळा करता येणं महत्त्वाचं वाटलं, हे कळल्यावर मला बरं वाटलं. आपल्याकडे ज्यांना खरोखर कायमचं फिरतं घरच हवं आहे त्यांच्यासाठी मोटार कॅरॅव्हॅनचं वेगळं मानक आहे, एआयएस-124. महाराष्ट्रानंही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तो रस्ता रीतसर आहे, खर्चिकही आहे. शेतकऱ्याच्या गाडीला तो परवडणारा नाही.

पेट्यांची खरी परीक्षा जुलै 2021 मध्ये झाली. आम्ही पेट्या लावून पाटगावकडे जाणार होतो, पण पावसानं जाणं राहिलं. पंचगंगा पुन्हा 2019 च्या पुढे गेली. रात्री साडेअकराला आत्याचा फोन आला. मी आणि दादानं पावसात बॅटरीच्या उजेडात सहा नट फिरवले, पाच पेट्या ओसरीवर ठेवल्या आणि गाडी बाहेर काढली तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. पंचवीस मिनिटं. म्हशी दोनच्या आत कळंब्यात होत्या.

त्यानंतर आम्ही त्याच पेट्यांवर सौंदत्ती केली, पंढरपूर केलं, कोकणात आंबोलीनं उतरलो. मध्ये हंगामात गूळही वाहिला. आबा 2022 ला गेले. शेवटच्या सौंदत्तीला ते त्या पलंगावर झोपले होते आणि पहाटे उठून त्यांनी हात लावून पांघरूण बघितलं. कोरडं होतं.

मधली बारा छिद्रं आता रबराच्या बुचांनी बंद केली आहेत, नाहीतर तिथून चिखल उडतो. ज्यांना आपल्या पिकअपचा हौदा मुक्कामासाठी बदलायचा आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या, आरसी बुक उघडून त्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि कितीही जवळचा मुक्काम असला तरी चालत्या गाडीच्या हौद्यात आपलं माणूस बसवू नका. आमच्या आत्याचं मनगट अजून नीट वळत नाही.