वाट चुकलेले दुखणे

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. त्याच्या उजव्या भागाची पोकळी रुंद असते आणि मळ पातळ. तिथली गाठ वाट सहसा अडवत नाही, पण तिच्यातून रक्त झिरपत राहते आणि माणूस नुसता फिकट पडत जातो. डावीकडे पोकळी अरुंद आणि मळ घट्ट. तिथे बद्धकोष्ठ होते, पोट फुगते. आतड्याच्या कर्करोगाची ही नेहमीची लक्षणे. मी लिहितो आहे ते जरा आडवाटेच्या लक्षणांविषयी.

कधी गाठ आतड्याची भिंत ओलांडून शेजारच्या अवयवात शिरते. मूत्राशयात वाट पडली, तर लघवीतून हवेचे बुडबुडे येतात, मळाचा वास येतो. पोटाच्या पुढच्या भिंतीत ती शिरली, तर वर गळू दिसते. मग लघवीच्या संसर्गावर गोळ्या चालू राहतात, गळूला चिरा दिला जातो आणि मूळ दुखणे आत वाढत राहते. बुडबुड्यांची गोष्ट माणूस घरातही सांगत नाही, लाजतो. म्हणून मी स्वतःहून विचारतो, "लघवीतून वारा सरल्यासारखं वाटतं का?"

शस्त्रक्रियेत आतडे आणि मूत्राशय एकमेकांपासून सोडवायचे नसतात. चिकटलेल्या जागेतच कर्करोगाच्या पेशी असू शकतात. म्हणून मूत्राशयाचा तेवढा तुकडा गाठीसकट एकसंध काढतात आणि उरलेले मूत्राशय शिवतात. गाठ अशी शेजारी घुसलेली असली, तरी दूर पसरलेली नसेल तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.

खरी कसोटी आतडे जोडण्याची. सांधा गळला तर तो बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांत कळतो: ताप, वाढलेली नाडी, दुखणारे पोट. पोटात पू असेल, रुग्ण खंगलेला असेल, तर सांधा न करणेच शहाणपणाचे. फ्रेंच शल्यविशारद आंरी हार्टमान यांनी 1921 मध्ये हीच रीत मांडली: खालचे टोक बंद करायचे, वरचे पोटावर आणायचे. मळ पिशवीत जमा होतो.

1956 साली सुरू झालेल्या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या घाटीत, आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे येतात. त्यांच्यासारख्या कुटुंबांना कर्करोगाइतकीच धास्ती या पिशवीची वाटते. ती पुष्कळदा काही महिन्यांनी काढता येते, नेहमीच नाही. पण पिशवी म्हणजे हार नव्हे. शेतावर जाता येते, पंगतीला बसता येते. जीव जातो तो बहुतेकदा उशिरामुळे, आणि त्या उशिरात लाजेचा वाटा मोठा असतो.