सगळ्या पेढीची एकच स्पॅम-वही

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी नागपुरात जरीपटक्याची बाजारपेठ उभी केली. तिथल्या एखाद्या कापड-पेढीचा ईमेल स्वतःच्या सर्व्हरवर असेल, तर स्पॅमअ‍ॅसॅसिन हा मोफत फिल्टर उपयोगी पडतो. त्याचा शिकणारा भाग अठराव्या शतकातील थॉमस बेज यांच्या संभाव्यतेच्या सूत्रावर बेतलेला आहे: कोणता शब्द स्पॅममध्ये किती वेळा आला आणि खऱ्या पत्रांत किती, हे नोंदवून तो नव्या पत्राचा अंदाज बांधतो. मात्र किमान २०० स्पॅम आणि २०० खरी पत्रे शिकवल्याखेरीज हा भाग मत देत नाही, आणि मूळ रचनेत प्रत्येक वापरकर्त्याची नोंद वेगळी असते. मोजकीच पत्रे येणाऱ्या मुनीमजींचा आकडा मग पुरा व्हायचा कधी?

म्हणून नोंद सामायिक करावी. सेटिंगमध्ये सर्वांसाठी एकच जागा द्यायची. फोल्डरच्या मार्गापुढे फाइलच्या नावाची सुरुवातही लिहायची, हे अनेकांकडून राहते. फाइलवर सर्व संबंधित खात्यांना लिहिण्याची परवानगी हवी. सर्व्हर एकाहून अधिक असतील, तर नोंद मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवून सर्व वापरकर्त्यांना तिथे एकाच नावाने जोडावे.

खरी काळजी पुढे आहे. एकाने व्यापाऱ्यांची दरपत्रके कंटाळून स्पॅम ठरवली, तर हळूहळू सगळ्यांचीच दरपत्रके अडकू लागतील. माझ्या मते शिकवण्याचा अधिकार एक-दोन जबाबदार माणसांकडेच असावा, आणि त्यांनी खरी पत्रेही स्पॅमइतक्याच नेमाने शिकवावीत.