बालाघाटाचं सीताफळ : बीपासून कलमापर्यंत

बीड जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगररांगेत पालीपासून मांजरसुंब्याकडे चढणाऱ्या घाटातली सीताफळं कुणी मुद्दाम लावलेली नाहीत. शेळ्या पानाला तोंड लावत नाहीत, मुरमातही मूळ धरतं, उन्हाळ्यात पानं झाडून झाड पाणी वाचवतं. त्यामुळे डोंगर त्याचा झाला. मूळ मात्र उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला ते आपल्या प्राचीन शिल्पांत दिसलं होतं, पण बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ ते पोर्तुगीजांबरोबर आल्याचं मानतात.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्हने 1926 मध्ये मांडलं की पिकात जिथे सर्वाधिक विविधता, तिथे त्याचं माहेर शोधावं. सीताफळाचा भाऊबंद चेरिमोया. त्याचं माहेर पेरू-इक्वेडोर समजलं जाई. 2017 च्या जनुकीय अभ्यासात सर्वाधिक विविधता मध्य अमेरिकेत निघाली. या हिशेबाने सीताफळासाठी बालाघाट म्हणजे फार दूरचं सासर.

तरीही घाटातली दोन झाडं सारखी नसतात. सीताफळाच्या फुलात स्त्रीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात; मधलं काम बारीक भुंगेरे करतात. म्हणून बीपासून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं. दसरा-दिवाळीच्या पाटीत हे उघड दिसतं : एका फळाचे डोळे मोठे, सांधे पिवळसर, गर रवाळ, शेजारचं बारीक डोळ्यांचं, नुसत्या बिया. अढीतून एक आज निघतं, दुसरं परवा.

बाजाराला हा बेभरवसा नको होता. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने निवडीतून ‘धारूर-6’ दिलं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांचं ‘एनएमके-1 गोल्डन’ कमी बियांमुळे आणि टिकाऊपणामुळे दूरदूर गेलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण एकाच वाणाच्या कलमांची हजार झाडांची बाग जनुकांच्या दृष्टीने एकच झाड असते; एखादी कीड वा रोग एकाला झेपला नाही, तर बाकीच्यांनाही झेपणार नाही.

2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते हा मान घाटातल्या बीपासून उगवलेल्या झाडांचा आहे, आणि रस्ता रुंद करताना, सरपण तोडताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. नवी बाग धरणाऱ्यांनी बांधावर अशी चार-दोन झाडं राखावीत. ज्या झाडाची गोडी गावात नावाजलेली आहे, त्याच्या काड्या अंबाजोगाईला जरूर दाखवाव्यात.