लोकसहभाग म्हणजे केवळ मतनोंदणी नव्हे

धोरण ठरवताना सर्वेक्षण घेतले किंवा हरकती-सूचना मागवल्या की लोकसहभाग पूर्ण झाला, असा समज सर्रास आढळतो. ही साधने उपयोगी आहेत, पण पुरेशी नाहीत. विमर्शी लोकशाहीत (माहिती घेऊन, एकमेकांचे म्हणणे ऐकून निर्णयापर्यंत जाण्याची पद्धत) मत नोंदवण्याआधी ते घडण्याला वाव असतो.

सोसायटीच्या गळक्या गच्चीचे उदाहरण घेऊ. ‘दुरुस्ती हवी का?’ एवढेच व्हॉट्सअॅपवर विचारले, तर फक्त संख्या कळते. अभियंत्याचा अहवाल आणि दरपत्रके समोर ठेवून सभा झाली, वरच्या मजल्यावरच्यांचे आणि तळमजल्यावरच्यांचे ऐकले गेले, तर मते बदलू शकतात आणि तोडगाही निघतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने ही पद्धत रुजवली. तेथे अभ्यासगट विषय समजून घेतात. निर्णय ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवण्यामागे या सवयीचे बळ होते.

म्हणून लोकसहभाग जोखताना तीन गोष्टी पाहाव्यात: माहिती आधी मिळाली का, चर्चेला वेळ होता का आणि निर्णयाची कारणे लोकांना सांगितली गेली का.