ताईताखालचा त्रिशूळ

एक्स-रेच्या अहवालावर ‘अकॉन्ड्रोप्लाझिया’, म्हणजे जन्मजात बुटकेपणाचा आजार, एवढंच छापून आलं. त्यामागचा करगोटा कुठेच नोंदलेला नाही. बाळाचं बारसं नुकतंच झालं होतं. दंड-मांड्या आखूड, कपाळ पुढे आलेलं. मला पाहायची होती कंबर, आणि फिल्मवर नेमकी तिथेच पांढरीशुभ्र सावली! आजींनी करगोट्यात तांब्याचा ताईत ओवला होता. ‘तो सुटणार नाही,’ त्यांनी बजावलं. आमच्या टेक्निशियनने वाद घातला नाही. ‘आजी, दोन मिनिटं तुमच्या मुठीत राहू दे,’ म्हणाला आणि त्यांना शिशाच्या पडद्यामागे उभं केलं. दुसऱ्या फिल्मवर खुब्याच्या खोबणीची त्रिशूळासारखी कड लख्ख उमटली. ताईत परत बांधताना आजींनी विचारलं, ‘उंचीचं सोडा, डोक्याने बरं असेल ना?’ बुद्धी शाबूत असते, मी म्हटलं; कवटीच्या तळाचं छिद्र मात्र अरुंद असतं, मान जपायची. पुढच्या प्रत्येक तपासणीला मानेखाली हात देऊन बाळ घेऊन आल्या त्या आजीच.

एकेकाळी जन्मताच दगावणारी आखूड हातापायांची बाळंही अकॉन्ड्रोप्लाझिया याच नावाखाली जमा होत. १९६७ मध्ये पॅरिसच्या मारोतो, लामी आणि सहकाऱ्यांनी त्यांना वेगळं नाव दिलं, थॅनॅटोफोरिक. खूण म्हणजे टेलिफोनच्या रिसिव्हरसारखं वाकलेलं मांडीचं हाड. (हल्लीच्या रेसिडेंटनी तसा फोन पाहिलेला नसतो, मी कागदावर काढून दाखवते.) १९९४ मध्ये कॅलिफोर्निया आणि पॅरिसच्या दोन गटांनी पाठोपाठ अकॉन्ड्रोप्लाझियाचं जनुक शोधलं: एफजीएफआर३. वर्षभरात कळलं, थॅनॅटोफोरिकचं मूळही तिथेच. फिल्मने वेगळी काढलेली भावंडं जनुकाने पुन्हा एका घरात आणली.

माझी एक चूक अजून सलते. एका नवजात बाळाची हाडं फिल्मवर धुरकट, फासळ्या दोऱ्यासारख्या. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार, असं लिहून मी मोकळी झाले. रात्रपाळीची रेसिडेंट रक्ताचा कागद घेऊन धावत आली. ‘मॅडम, अल्कलाइन फॉस्फटेज जवळपास नाहीच!’ हा आकडा वाढला की सगळे दचकतात. घटला तर नजर सहज पुढे सरकते. फिल्म पुन्हा लावली. हाडांच्या टोकांशी जिभेसारख्या काळ्या खाचा होत्या, आणि त्या मी पाहिल्याच नव्हत्या. हायपोफॉस्फटेशिया, म्हणजे याच फॉस्फटेजच्या कमतरतेचा आजार. जन्मतःच इतका तीव्र असला की पूर्वी बाळ बहुधा हाती लागत नसे; पण २०१५ मध्ये जपान, युरोप आणि अमेरिकेत त्यावरच्या अस्फोटेज अल्फा या औषधाला मान्यता मिळाली होती. माझ्या एका शब्दाने ते दार बंद झालं असतं. मी अहवाल खोडून नव्याने लिहिला आणि सहीच्या जागी आधी तिचं नाव घातलं, मग माझं.