‘भूल’ आणि ‘उपाशी’ : दोन शब्दांचा विचार

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास ज्या सूचना दिल्या जातात, त्यांतील शब्दांचा रूढ अर्थ आणि वैद्यकास अभिप्रेत असलेला अर्थ भिन्न असल्यास धोका रुग्णाच्या जिवाला असतो. प्रस्तुत टिपणात अशा दोन शब्दांचा विचार केला आहे.

बॉस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला. त्याच वर्षी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी या अवस्थेस ‘ॲनेस्थेशिया’ हे ग्रीक मूळ असलेले नाव सुचविले. संवेदनेचा अभाव हा त्याचा अर्थ होय. मराठीत ‘संज्ञाहरण’, ‘बधिरीकरण’ असे पारिभाषिक शब्द घडले. तथापि लोकांत रुळला तो ‘भूल’ हाच. पूर्ण भूल देताना ‘झोप लागेल’ असे सांगण्याचा प्रघात आहे. सांत्वन म्हणून तो योग्य असला, तरी वर्णन म्हणून अपुरा आहे. निजलेला मनुष्य हाकेने जागा होतो आणि ठसका लागल्यास खोकतो. भूल दिलेल्याच्या ठायी या दोन्ही प्रतिक्रिया लोपलेल्या असतात. म्हणूनच भूलतज्ज्ञ अखेरपर्यंत जवळ राहून त्याचा श्वास, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवतो.

उपाशी राहण्याचे कारणही हेच. जठरातील अन्न उलटून फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेतते. यास्तव सामान्यतः घन अन्न व दूध सहा तास, तर पाण्यासारखे निवळ पेय दोन तास आधी बंद करतात. परंतु ‘उपाशी’ म्हणताच कित्येकांच्या मनात ‘उपास’ उभा राहतो. आणि आपल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते, दुधाचा चहाही चालतो! उलटपक्षी, ‘पोटात काही नको’ हे शब्दशः घेऊन कोणी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयास सांगितलेली गोळीही टाळतो.

‘शुद्धीवर येणे’ हीदेखील क्षणाची घटना नव्हे. ती क्रमाने घडते. मळमळ, थंडी वाजणे, श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा दुखणे हे बहुधा लवकरच ओसरते. वृद्धांस मात्र काही दिवस भ्रम होऊ शकतो. तो दिसताच आप्तांनी डॉक्टरांस कळवावे. भूल उतरल्यावरही चोवीस तास वाहन चालवू नये वा महत्त्वाच्या कागदावर सही करू नये.

तेव्हा ‘उपाशी या’ एवढेच न सांगता कोणता पदार्थ किती वाजल्यापासून वर्ज्य व कोणती गोळी घ्यावयाची, हे नावानिशी सांगावे आणि रुग्णाकडून ते त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावे. अर्थ पोचला की नाही, हे ऐकणाऱ्याच्या तोंडूनच कळते.